मालमत्तेचा डाव

पन्हाळ्याचा पावसाळा ज्यांनी अनुभवला आहे त्यांस आषाढातील संध्याकाळ कशी असते हे सांगावयास नको. तीन दरवाजा धुक्यात नाहीसा होतो, क्रीडांगणाचे तळे होते आणि चार भिंतींत कोंडलेल्या मुलांचा उत्साह एकमेकांच्या खोड्या काढण्यात खर्च होऊ लागतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या मुलांनी या उत्साहास एक नवी वाट काढून दिली. 'मोनोपॉली डील' नावाचा पत्त्यांचा खेळ त्यांच्या हाती आला आणि सायंप्रार्थनेनंतरचा अर्धा तास 'भाडे दे', 'संच पुरा झाला' अशा आरोळ्यांनी दुमदुमू लागला. हे एका पालकांच्या कानी गेले. त्यांनी आम्हांस सरळ विचारले, "गुरुजी, मिशनच्या शाळेत पत्ते?"

प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे. परंतु ज्या खेळाचे गुणदोष सांगावयाचे तो आधी नीट खेळता आला पाहिजे. म्हणून आम्ही स्वतः मुलांच्या पंगतीस बसलो, पुष्कळ डाव हरलो, काही जिंकलो, आणि मगच ही लेखणी हाती घेतली.

प्रथम त्या पालकांच्या शंकेविषयी. पत्ते म्हणजे जुगार हे समीकरण आपल्याकडे रूढ आहे, आणि ज्या घरांची धूळधाण जुगाराने झाली त्यांनी ते मनात धरले तर त्यांस दोष कोण देईल? तथापि पत्ता हा निर्जीव कागद आहे. पाप पैजेत आहे. याच कोकणच्या उंबरठ्यावर, सावंतवाडीस, लाखेचे रोगण चढविलेल्या गोल गंजिफा आजही रंगविल्या जातात. दशावतारी गंजिफांत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकी बारा, असे १२० पत्ते असतात. त्या कलावंतांच्या हस्तकौशल्यास जुगार कोण म्हणेल?

प्रस्तुत खेळाची वंशावळही ऐकण्याजोगी आहे. १९०४ साली अमेरिकेत एलिझाबेथ मॅगी या बाईंनी 'जमीनदाराचा खेळ' या नावाच्या एका पटाचे पेटंट मिळविले. हेन्री जॉर्ज या अर्थशास्त्रज्ञाच्या मतांचा त्यांच्यावर पगडा होता. जमीन थोड्या हातांत साचली म्हणजे बाकीचे भाडे भरता भरता कसे कंगाल होतात, हे लोकांस खेळता खेळता उमगावे, हा त्यांचा हेतू. पुढे १९३५ साली तोच पट 'मोनोपॉली' या नावाने बाजारात आला आणि जगभर पसरला. मात्र ज्या मक्तेदारीविषयी तिटकारा उत्पन्न करावयाचा, तीच मिळविण्यात लोकांस गोडी वाटू लागली! आपल्या घरांतून खेळला जाणारा 'व्यापार' त्याच कुळातला. २००८ साली या पटाचे पत्त्यांत रूपांतर झाले, आणि चार तासांचा खेळ पाव तासात आटोपू लागला.

आता खेळाचे स्वरूप. एकंदर १०६ पत्ते. त्यांत मालमत्तेचे २८, कोणत्या ना कोणत्या दुसऱ्या रंगात खपणारे ११, भाड्याचे १३, पैशाचे २० आणि करामतीचे ३४. आरंभी प्रत्येकास पाच पत्ते मिळतात. आपली पाळी आली की दोन उचलावे आणि अधिकात अधिक तीन खेळावे. पाळी संपताना हातात सातांहून जास्त उरले तर जास्तीचे टाकावे. निरनिराळ्या रंगांचे तीन संच जो प्रथम पुरे करील तो जिंकला. नियम एवढेच, परंतु यातच पुष्कळ खोल पाणी आहे. विद्यार्थिमित्रांनो, आम्हांस अनुभवाने जे उमगले ते आता क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, संच निवडताना संख्येकडे पाहावे. रंग दहा आहेत. त्यांपैकी गडद निळा, तपकिरी आणि वीज-पाण्याचा हे तीन संच दोन-दोन पत्त्यांनीच पुरे होतात. आगगाडीच्या संचास चार लागतात. बाकी सहांस तीन-तीन. म्हणजे तीन लहान संचांनी जिंकणाऱ्यास सहा पत्ते पुरतात, तर आगगाडीच्या मागे लागलेल्यास दहा लागू शकतात. पाळीस दोनच पत्ते मिळत असता हा फरक थोडका नव्हे. तपकिरी संचाचे पुरे भाडे अवघे दोन म्हणून त्यास हिणविणारे पुष्कळ. पण जिंकताना तपकिरी संच आणि आठ भाड्याचा निळा संच यांची किंमत सारखीच धरली जाते. नम्र वस्तूचे मोल शेवटी कळते, ते असे.

दुसरी गोष्ट, कोठार भरावे आणि त्यात सुटे ठेवावे. या खेळात मोड परत मिळत नाही. दोनाचे देणे असता आपल्यापुढे पाचाचीच नोट असेल, तर तीन फुकट गेले. म्हणून एक-दोनाच्या नोटांस तुच्छ लेखू नये. ज्याच्यापुढे पैसाच नाही त्यास देणे चुकविण्यासाठी मालमत्ता द्यावी लागते, आणि जुळत आलेला संच फुटतो. आपल्या गडावरील अंबरखाना पाहा. गंगा, यमुना, सरस्वती ही तीन धान्यकोठारे ज्यांनी बांधली त्यांस ठाऊक होते की वेढा तटबंदीने अडविता येतो, पण सोसावा लागतो तो धान्याच्या बळावर.

तिसरी गोष्ट, 'पुढे चला' या पत्त्याचा अनादर करू नये. ते दहा आहेत. एक टाकला की आणखी दोन पत्ते हाती येतात. नवशिके त्यास एकाची नोट समजून कोठारात घालतात. निकड असल्यावाचून तसे करू नये. हाती पर्याय जितके अधिक तितकी बुद्धीस वाट अधिक.

चौथी गोष्ट, आपले वैभव अकाली मांडू नये. दोन संच पुरे करून तिसऱ्याची वाट पाहणारा खेळाडू साऱ्या पंगतीच्या डोळ्यांवर येतो. 'सौदामोड' या पत्त्याने अख्खा पुरा संच उचलून नेता येतो. म्हणून शेवटचे दोन-तीन पत्ते हातात दडवून ठेवावे आणि एकाच पाळीत, तीन चालींत, डाव संपवावा. मात्र सात पत्त्यांची मर्यादा विसरू नये. फार दडविणाऱ्यास अखेर चांगला पत्ता स्वतःच्या हाताने टाकावा लागतो. आमचा एक जिंकत आलेला डाव या लोभापायीच गेला, आणि मुले आठवडाभर त्याचे स्मरण देत होती.

पाचवी गोष्ट, गेलेल्या पत्त्यांची मोजदाद ठेवावी. 'सौदामोड' दोनच आहेत आणि कोणतीही करामत परतविणारा 'नाही' हा पत्ता तीनदाच येतो. किती पडून गेले हे ज्यास ठाऊक, तो निर्भयपणे चाल करतो. इतर नशिबास बोल लावीत बसतात. आपल्या हाती 'नाही' असेल तर तो किरकोळ भाड्यावर उधळू नये. दोन रुपयांच्या वाढदिवसाच्या आहेरास 'नाही' म्हणणारा पुढे अख्खा संच जाताना हात चोळीत बसतो.

सहावी गोष्ट सर्वांत अवघड: काय सोडावे हे वेळेवर ओळखावे. आपल्या गडाचा इतिहास याविषयी बोलका आहे. १६५९ च्या अखेरीस शिवाजी महाराजांनी पन्हाळा घेतला. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा पडला, महिन्यांमागून महिने गेले, आणि जुलैतील एका पावसाळी रात्री महाराज विशाळगडाकडे निसटले. घोडखिंडीत बाजी प्रभूंनी देह ठेवला. त्याच वर्षी महाराजांनी हा गड आदिलशाहीच्या हवाली केला. गड दिला, स्वराज्य राखले. पुढे १६७३ साली कोंडाजी फर्जंदाने निवडक साठ माणसांनिशी तोच गड परत मिळविला. आमच्या पंगतीतील जो मुलगा प्रत्येक पत्त्यास छातीशी कवटाळतो, त्यास आम्ही खिडकीतून तटबंदी दाखवितो. देणे आले असता काय द्यावयाचे हे देणाराच ठरवितो. तेव्हा जुळू न शकणारा एकटा पत्ता आनंदाने द्यावा आणि जुळणारे दोन राखावे.

येथवर जिंकण्याची कला झाली. केवळ एवढ्यासाठी आम्ही या अंकाची पाने अडविली नसती. एके संध्याकाळी घडले ते सांगितल्यावाचून हा लेख पुरा होत नाही.

त्या दिवशी एका लहान मुलाचे सारे गेले होते. पुढे पैसा नाही, मालमत्ता नाही. मोठ्या मुलांनी तरीही हसत हसत पाळीपाळीने त्याच्यावरच भाडे लावण्यास आरंभ केला. तो मुलगा शांतपणे म्हणाला, "माझ्यापुढे काही नाही, नियमाने मी काही देणे लागत नाही." त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. ज्याच्यापुढे काहीच नाही त्याचे देणे तेथेच मिटते. ते वहीत चढत नाही, त्यावर व्याज चालत नाही, पुढच्या पाळीस ते मागता येत नाही. पुढे त्याने दोन पत्ते उचलले आणि पुन्हा मांडणी केली.

क्षणभर पंगत स्तब्ध झाली. कोणाच्या घरी काय आहे हे येथे सांगण्याचे कारण नाही. परंतु ज्या घरांची जमीन गहाण पडली आहे, ज्यांच्या वडिलांचे देणे मुलाच्या माथी आले आहे, त्या घरांतील मुलेही आमच्या वर्गात बसतात. त्यांस या नियमाचा अर्थ आम्हांहून अधिक कळला असावा.

आम्ही त्या रात्री पवित्र शास्त्र उघडले. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात असा नियम आहे की पन्नासावे वर्ष आले म्हणजे विकलेली जमीन मूळ कुळाकडे परत जावी. पहिल्या राजांच्या पुस्तकात नाबोथाची कथा आहे. अहाब राजाने त्याच्या द्राक्षमळ्याबद्दल दुसरा चांगला मळा किंवा पैसा देऊ केला. नाबोथाने वाडवडिलांचे वतन देण्यास नकार दिला. आणि त्या नकारासाठी त्यास प्राण द्यावा लागला. आमच्या पत्त्यांतही सक्तीची अदलाबदल आहे आणि 'नाही' म्हणण्याचा पत्ताही आहे. पत्त्यांत दुबळ्याचा 'नाही' राजासही ऐकावा लागतो; इज्रेलात तो कोणी ऐकला नाही. या दोहोंतील अंतर मुलांच्या ध्यानी आले, तर मॅगीबाईंचा मूळ हेतू शंभराहून अधिक वर्षांनी का होईना, पन्हाळ्यावर थोडा सफल झाला असे आम्ही समजू.

म्हणून त्या पालकांस आमचे उत्तर असे: होय, मिशनच्या शाळेत हे पत्ते खेळू द्यावे, मात्र तीन अटींवर. खरा पैसा, मग तो एक रुपया असो वा एक गोळी, या डावात शिरू नये. नियम आधी मोठ्याने वाचून घ्यावे, म्हणजे मध्येच बलवानाच्या सोयीचा नियम निघत नाही. आणि भाडे मागावयाचे ते पुढे असलेल्याकडून मागावे. कंगालास पिळणे ही तर वाईट चालसुद्धा आहे, कारण त्यातून मिळत काही नाही आणि जिंकणारा मात्र मोकळा सुटतो. सुदैवाने या एका ठिकाणी तरी नीती आणि युक्ती यांची वाट एकच आहे.

पालकांसही आमची एक विनंती आहे. पावसाच्या एखाद्या रात्री आपणही मुलांच्या पंगतीस बसावे. आपला मुलगा कर्ज कसे फेडतो, हरला असता तोंड कसे करतो आणि जिंकत असता दुसऱ्याशी कसा वागतो, हे प्रगतिपुस्तकात आम्हांस लिहिता येत नाही; पण पाव तासाच्या डावात ते स्पष्ट दिसते.

आमच्या येथे आणखी एक रीत पडली आहे. जो जिंकतो त्याने सारे पत्ते गोळा करावे, १०६ मोजून पेटीत ठेवावे आणि मगच निजावयास जावे. मिळविलेले सर्व संच पेटीत परत जातात, आणि उद्या सर्वांस पुन्हा पाचच पत्ते मिळतात.