गिअरबॉक्स उतरवण्याआधी

मागच्या हिवाळ्यात इंदूरला बाबांची ऑटोमॅटिक गाडी अचानक रुसली. गिअर बदलताना दणका बसायचा, कधी ती एकाच गिअरमध्ये अडकायची, वर चेक इंजिनचा दिवा. एका गॅरेजवाल्याने नुसतं ऐकूनच सांगितलं, "गिअरबॉक्स उतरवावा लागेल." बाबांनी लगेच एफडीचे कागद शोधायला घेतले!

ओळखीच्या मेकॅनिककाकांनी मात्र आधी स्कॅनर लावला. कोड आला पी ०७१३. म्हणजे गिअरबॉक्सच्या ऑइलचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड.

हा सेन्सर अगदी छोटा. ऑइल तापलं की त्याचा विद्युतरोध कमी होतो, थंड झालं की वाढतो. गिअर कधी आणि किती दाबाने बदलायचा, हे ठरवताना गाडीचा कॉम्प्युटर हे तापमान बघतो. तेच चुकलं की चांगला गिअरबॉक्सही खराब वाटू लागतो.

काका म्हणाले, "गाडी रात्रभर उभी राहू दे, सकाळी बघू." सकाळी इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन ऑन केलं. अशा वेळी ऑइलचं तापमान बाहेरच्या हवेइतकंच असायला हवं. स्कॅनरवर दिसलं उणे ४०! इंदूरमध्ये? सर्किट कुठेतरी तुटलं की बहुतेक गाड्या हाच आकडा दाखवतात. उलट शॉर्ट झालं, तर थंड गाडीतही ऑइल उकळतंय असं दिसतं.

इग्निशन बंद करून काकांनी कनेक्टर काढला. आत एक पिन गंजून हिरवी पडली होती. ती साफ केली, कोड पुसला, अर्धा तास गाडी फिरवली. तापमान हळूहळू चढून ८५ अंशांवर स्थिरावलं, मध्ये कुठे उडी नाही. गिअरही मऊ पडू लागले.

पिन स्वच्छ असती, तर काका मल्टिमीटरने सेन्सरचा रोध मोजून कंपनीच्या तक्त्याशी ताडून बघणार होते. रोध बरोबर आला तर दोष वायरिंगमध्ये, नाहीतर सेन्सर बदलायचा. तो बऱ्याच गाड्यांत ऑइल पॅनच्या आत असतो, त्यामुळे ऑइल काढावं लागतं. नवं ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच भरून घ्या.

एक मात्र लक्षात ठेवा. घाटात किंवा ट्रॅफिकमध्ये तापमानाची वॉर्निंग आली आणि जळका वास येत असेल, तर सेन्सरवर संशय घेत बसू नका. गाडी बाजूला घ्या, थंड होऊ द्या आणि मेकॅनिकला तिथेच बोलवा.