अडीच हजारात सोलर, पण भाडेकरूचं काय?

'फक्त 2,500 रुपयांत घरावर सोलर' अशी रील तुम्हीही पाहिली असेल. परभणीहून माझ्या मावशीने ती व्हॉट्सॲपवर पाठवली आणि विचारलं, "हे खरंय का रे?"

खरंय. राज्य सरकारने ऑक्टोबर 2025 मध्ये 'स्मार्ट' नावाची योजना आणली. 1 किलोवॅट सोलरचा खर्च साधारण 50 हजार. त्यातले 30 हजार केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतून येतात. दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाला राज्य वर 17,500 देतं. उरले अडीच हजार. इतर कमी वीज वापरणाऱ्यांना राज्याकडून 10 हजार, अनुसूचित जाती-जमातींना 15 हजार. एवढ्या सोलरमधून महिन्याला साधारण 120 युनिट मिळतात, म्हणजे छोट्या घराचं बिल जवळपास मिटलंच.

तरी मी मावशीला सांगितलं, तुला नाही मिळणार. ती भाड्याने राहते. छत घरमालकाचं, मीटर घरमालकाच्या नावावर. हिच्याकडे फक्त सबमीटर, आणि त्यावर सरसकट 10 रुपये युनिट.

मग मामांचं बघू म्हटलं. घर स्वतःचं, पत्र्याचं, रेशन कार्ड केशरी. दारिद्र्यरेषेच्या वर असाल तर वर्षभरात एकाही महिन्यात वापर 100 युनिटच्या पुढे गेलेला नसावा, अशी अट आहे. आता परभणीचा मे डोळ्यासमोर आणा. 150 वॅटचा कूलर रोज 14 तास चालला की महिन्याला 63 युनिट. 75 वॅटचे दोन पंखे 16 तास, म्हणजे आणखी 72. झाले 135. पत्रा तापतो म्हणून कूलर लावायचा आणि कूलर लावला म्हणून योजनेतून बाहेर पडायचं! (तुमचे जुने युनिट महावितरणच्या ॲपमध्ये दिसतात, अर्ज करण्याआधी बघून घ्या.)

मला वाटतं, या दोघांसाठी पैसा पंख्यावर लावायला हवा. बीएलडीसी पंखा साधारण 30 वॅटवर चालतो. दोन पंखे बदलले तर उन्हाळ्यात महिन्याला 43 युनिट वाचतात. मावशीच्या 10 रुपयांच्या दराने ते 430 रुपये होतात. छत लागत नाही, घर बदललं तर पंखा सोबत नेता येतो. पण एक पंखा अडीच-तीन हजारांचा, आणि त्याला सबसिडी नाही.

हे अशक्य आहे असंही नाही. 2015 मध्ये सुरू झालेल्या 'उजाला' योजनेत सरकारी कंपनी ईईएसएलने एलईडी बल्ब घाऊक घेतले. खरेदीची किंमत 310 रुपयांवरून 40 च्या आत आली. बऱ्याच राज्यांत बल्बचे पैसे वीजबिलातून हप्त्याने घेतले. पंख्यांचे हप्ते असे बिलात लावले तर मामांचं काम होईल. मावशीचं नाही, कारण बिल तिच्या नावावर येतच नाही. तिला पंखा दुकानातच स्वस्त मिळायला हवा.

आणि छताला पांढरा रंग? तेलंगणाने 2023 मध्ये त्यासाठी 'कूल रूफ' धोरणच आणलं. मावशीने घरमालकाला विचारून पाहिलं. तो म्हणाला, "लावा ना, पण तुमच्या खर्चाने."

सध्या तिने एक बीएलडीसी पंखा घेतलाय, किराणा दुकानाशेजारच्या इलेक्ट्रिकवाल्याकडून, तीन हप्त्यांत.