मोजपट्टी बदलली की निकालही बदलतो

22 सप्टेंबर 2025 रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी गर्भवतींना पॅरासिटामॉल टाळण्याचा सल्ला दिला आणि ऑटिझम, म्हणजेच स्वमग्नता, जगभरच्या बातम्यांत आली. या औषधामुळे ऑटिझम होतो असा निर्णायक पुरावा नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने लगेच स्पष्ट केले. कारणांचा वाद पुढेही चालू राहील. पण ज्या घरात असे मूल आहे, तिथला रोजचा प्रश्न वेगळा आहे. या मुलाला काय कळते आणि काय येते, हे ओळखायचे कसे? याच संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगात 127 जणांमागे एक जण ऑटिझम असलेला होता. त्यामुळे हा प्रश्न मोजक्या घरांपुरता नाही.

अडचण मोजपट्टीपासूनच सुरू होते. बुद्ध्यांक काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या वेश्लर चाचणीतला मोठा भाग ऐकण्या-बोलण्यावर अवलंबून असतो. रेव्हन चाचणीत मात्र आकृत्यांच्या नक्षीत एक जागा रिकामी असते आणि तिथे कोणता तुकडा बसेल, एवढेच दाखवायचे असते. कॅनडातील संशोधकांनी 2007 मध्ये ऑटिझम असलेल्या 38 मुलांना दोन्ही चाचण्या दिल्या. रेव्हनमध्ये ही मुले वेश्लरपेक्षा सरासरी 30 पर्सेंटाइलने वर गेली. इतर मुलांच्या बाबतीत असा फरक दिसला नाही. 2015 मध्ये जवळजवळ न बोलणाऱ्या 30 मुलांचा अभ्यास झाला. त्यांतल्या एकालाही वेश्लर चाचणी पूर्ण करता आली नाही, पण तुकडे हाताने बसवायच्या रेव्हन चाचणीत 26 मुलांनी शेवट गाठला.

आपल्याकडे याचे परिणाम थेट आयुष्यावर होतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मधील 21 प्रकारांत ऑटिझमचा समावेश आहे. किमान 40 टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. प्रमाणपत्र आवश्यकच आहे, कारण त्यावर सवलती मिळतात. पण त्यावरची टक्केवारी ही मुलाच्या आकलनाची कमाल मर्यादा नव्हे. ‘याला काही समजत नाही’ असा शिक्का बसला की शिकवणेच आटते. दहा वर्षांचे मूल मणी ओवत आणि ठोकळे लावत बसते. अक्षरे आणि गणित त्याच्यापुढे ठेवलेच जात नाही. मग ते येत नाही, याचा पुरावा म्हणून त्याच्याकडेच बोट दाखवले जाते.

क्षमता बहुतेकदा रोजच्या वागण्यातच दिसतात. बोलता न येणारे मूल मोबाइलचे लॉक उघडून हवे ते गाणे काढते, बसच्या पाटीवरचा क्रमांक ओळखते, कपाटातली एक वस्तू हलली तरी अस्वस्थ होते. यात स्मरण, निरीक्षण आणि क्रम जाणण्याची ताकद आहे. तहान लागल्यावर मूल ‘तुला पाणी हवंय का?’ असे आईचेच वाक्य म्हणते, तेव्हा ती पोपटपंची वाटते. प्रत्यक्षात अनेकदा ती मागणी असते. एकाच विषयाचा ध्यासही मोडून काढण्यापेक्षा वापरण्यासारखा असतो. रेल्वेचे वेड असलेल्या मुलाला वेळापत्रकातून बेरीज-वजाबाकी शिकवता येते. चित्रकार्डे किंवा टॅब्लेट दिल्याने मूल बोलायचे थांबेल, ही भीतीही संशोधनाने खरी ठरवलेली नाही.

दुसऱ्या टोकालाही सावध राहायला हवे. 1988 च्या ‘रेन मॅन’ चित्रपटानंतर प्रत्येक स्वमग्न मुलात एखादा अलौकिक गुण दडलेला असतो, असा समज पसरला. बहुसंख्य मुलांत तसे काही नसते आणि सन्मानासाठी त्याची गरजही नाही. मुलाचा हात धरून त्याच्याकडून टंकलेखन करवून घेण्याची एक पद्धत 1990 च्या दशकात गाजली. पण चाचण्यांत तो मजकूर हात धरणाऱ्याचाच निघाला. म्हणून एखादी गोष्ट मूल मदतीशिवाय, दुसऱ्या जागी, दुसऱ्या माणसासोबतही करते का, हे तपासलेच पाहिजे.

पालकांना यासाठी महागडी साधने लागत नाहीत. दोन आठवडे एक वही ठेवावी. मूल आपणहून काय करते, कशात रमते, किती वेळ आणि कोणत्या आवाजाने किंवा प्रकाशाने बिथरते, हे त्यात लिहावे. तपासणीच्या वेळी ती वही मानसशास्त्रज्ञांसमोर ठेवावी आणि भाषेवर न बेतलेली चाचणी घेता येईल का, हे विचारावे. शाळेकडूनही ‘काय येत नाही’ या यादीबरोबर पुढच्या सहामाहीत नवीन काय शिकवणार, हे लेखी मागावे. शिकवून पाहिल्याशिवाय मुलाची मर्यादा ठरवण्याचा अधिकार कोणालाच नाही.