शेजार म्हणजे शिधावाटप नव्हे

‘अगेन्स्ट द स्टॉर्म’ हा पोलंडमधील एरेमाइट गेम्सचा संगणकावरील खेळ २०२३ साली पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. आमच्या मंडळातील तरुण मित्र त्यावर लुब्ध आहेत. माणसे, बीव्हर, सरडे, कोल्हे आणि पंखधारी हार्पी यांपैकी तीन भिन्न जाती घेऊन तेथे अरण्यात वसाहत उभारायची असते. सहजीवनाचा याहून उत्तम धडा कोणता, असे या मित्रांचे म्हणणे. खेळ मीही आवडीने खेळतो. परंतु हे म्हणणे मला साफ अमान्य आहे.

या वसाहतीत नांदणे म्हणजे काय, ते पाहावे. बीव्हरला लाकूडकाम द्या, माणसाला शेती द्या, सरड्याला सुकवलेले मांस पुरवा, ज्याला त्याला त्याच्या पसंतीचे घर बांधून द्या. गरजा भागल्या की त्या जातीचे मनोबल चढते. ते पार खचले की रहिवासी वसाहत सोडून चालते होतात. एखाद्या जातीवर मेहेरनजर करण्याचीही सोय आहे. तिचे मनोबल वाढते, इतरांचे घटते. म्हणजे एकाने दुसऱ्याची दखल घ्यायची ती केवळ मत्सरापुरती! विसाव्याला सारे एकाच शेकोटीपाशी येतात. पण बीव्हरने हार्पीची विचारपूस केली म्हणून कोणाचे मनोबल रेसभरही वाढत नाही.

‘खेळात सगळेच कसे यावे?’ असे कोणी म्हणेल. मान्य आहे. खेळणारा तेथे राणीचा व्हाइसरॉय असतो. एक वसाहत मार्गी लावायची आणि पुढच्या मुलखात जायचे, हे त्याचे काम. त्याला वरून जेवढे दिसते तेवढेच खेळ दाखवतो, आणि तो प्रामाणिकपणे दाखवतो. माझा वाद खेळाशी नाही. कारभाऱ्याच्या नजरेला शेजाऱ्याची नजर समजणाऱ्यांशी आहे.

आणि ही चूक आपल्याइतकी दुसरे कोण करणार? आमच्या सरकारी वसाहतीत दुर्गापूजा होते, ओणम होतो, आपला गणपतीही बसतो. प्रत्येकाला मंडप मिळतो, वीज मिळते, वर्गणी मिळते. तक्रार कोणाचीच नाही. मागील वर्षी खालच्या मजल्यावरील तमिळ गृहस्थांची बदली झाली, ती मला अंगणात सामानाचा ट्रक उभा राहिला तेव्हा कळली. सहा वर्षांचा शेजार! निरोप द्यायला गेलो, तो त्यांच्या धाकट्या मुलीला कोणत्या नावाने हाक मारावी हे मला ठाऊक नव्हते.

त्या दिवशी आमच्या वसाहतीत कोणाचेही मनोबल खालावलेले नव्हते. सहजीवनाचे गोडवे गाणाऱ्यांनी एवढेच सांगावे, की त्या मुलीच्या नावाची नोंद कोणत्या रकान्यात करायची?