यंत्राचे उत्तर आणि शिक्षकाचे श्रम

चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये लोकांच्या हाती आले. जानेवारी २०२३ मध्ये न्यू यॉर्क शहराच्या शिक्षण खात्याने आपल्या शाळांतील संगणकांवर त्यास मज्जाव केला आणि मे महिन्यात तो मागेही घेतला. ही उलटसुलट धावपळ शाळांपुढील पेच दाखविण्यास पुरेशी आहे. विचारताच निबंध लिहून देणारे, गणित सोडवून देणारे यंत्र विद्यार्थ्याच्या खिशात असताना शाळेच्या फाटकावर पहारा बसवून काय साधणार? आणि सारे काही त्या यंत्रावरच सोपविले तर शाळेचे प्रयोजन तरी काय उरणार?

तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत २०२३ मध्ये झालेला प्रयोग या बाबतीत मार्गदर्शक ठरावा. नववी ते अकरावीच्या सुमारे १,००० विद्यार्थ्यांचे गणिताच्या सरावासाठी तीन गट करण्यात आले. पहिल्या गटाला केवळ पुस्तके व वह्या मिळाल्या. दुसऱ्याला मागेल ते उत्तर देणारे यंत्र मिळाले. तिसऱ्याला तेच यंत्र मिळाले. परंतु उदाहरणांची रीत, विद्यार्थी हमखास करतात त्या चुका आणि द्यावयाच्या सूचना त्यात शिक्षकांच्या मदतीने आधीच घातल्या होत्या, आणि उत्तर न सांगता पुढची पायरी तेवढी सुचवावी असा त्यास दंडक होता. सरावात दुसऱ्या गटाची कामगिरी ४८ टक्क्यांनी, तर तिसऱ्याची १२७ टक्क्यांनी उंचावली. मग यंत्र काढून घेऊन परीक्षा झाली. तेव्हा दुसरा गट केवळ पुस्तकांवर अभ्यास केलेल्यांच्याही १७ टक्के मागे पडला. तिसऱ्या गटाची ही हानी जवळजवळ टळली. पुस्तकवाल्यांच्या पुढे मात्र तोही गेला नाही. अधिक चिंतेची गोष्ट ही की, मागे पडलेल्यांना आपण कमी शिकलो याची जाणीवही नव्हती.

या आकड्यांचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. दोन्ही गटांतील यंत्र मुळात एकच होते. फरक पडला तो, मूल कोठे अडखळते हे वर्षानुवर्षे फळ्यासमोर उभे राहून पाहिलेल्या शिक्षकांच्या ज्ञानामुळे. यंत्रे आली म्हणजे शिक्षक कमी लागतील, असा हिशेब मांडणाऱ्यांना हे परस्पर उत्तर आहे. शिक्षक काढून यंत्र बसविणे म्हणजे दुसऱ्या गटाची अवस्था एका साऱ्या पिढीच्या माथी मारणे होय.

महाराष्ट्रात या प्रश्नाला वर्गीय बाजूही आहे. संपन्न घरातील मुलाला यंत्राने चुकीचे उत्तर दिले तर ते दुरुस्त करण्यास सुशिक्षित पालक आहेत, खासगी शिकवणी आहे. ऊसतोड मजुराच्या वा यंत्रमाग कामगाराच्या मुलीला चुकीचे उत्तरही तितक्याच सफाईने मिळते. आणि ते चुकीचे आहे हे सांगू शकणारा माणूस बहुधा तिचा शिक्षकच असतो. त्याचे पद रिक्त ठेवावयाचे, असलेल्याला मतदारयाद्या व माहितीचे तक्ते भरण्यास जुंपावयाचे, आणि वर जबाबदार वापराची परिपत्रके काढावयाची, हे ढोंग आहे. शिक्षक प्रशिक्षित असावेत व त्यांना पुरेसे वेतन मिळावे, असा आग्रह जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे धरला होता. नव्या यंत्राने ती मागणी अधिकच तातडीची केली आहे.

जबाबदार वापराचे नियम साधे आहेत. विद्यार्थ्याने प्रथम स्वतः लिहावे, मग यंत्राला विचारावे. मदत घेतली असेल तेथे तसे वहीत नमूद करावे. यंत्राने दिलेली सनावळी व आकडे पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहावेत. शाळेने घरी लिहिलेल्या निबंधापेक्षा वर्गातील लेखनाला व तोंडी प्रश्नोत्तरांना अधिक महत्त्व द्यावे. यंत्रलिखित मजकूर ओळखण्याचा दावा करणारी साधने मात्र पुरावा म्हणून मानू नयेत. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये अशी साधने तपासली, तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले निम्म्याहून अधिक निबंध त्यांनी यंत्राचे ठरविले होते. मोजक्या शब्दांत, जपून इंग्रजी लिहिणाऱ्या मराठी शाळेतील मुलावर उद्या असाच चोरीचा आळ येऊ शकतो.

ही यंत्रे बव्हंशी मूठभर बलाढ्य कंपन्यांच्या मालकीची आहेत, याचाही विसर पडता कामा नये. १३ वर्षांखालील मुलांनी ती स्वतंत्रपणे वापरू नयेत, असे युनेस्कोने २०२३ मध्ये सुचविले. त्याच वर्षीच्या भारतीय माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकास बालक मानून पालकांच्या संमतीचे तत्त्व स्वीकारले. ज्या पालकाला संमतीपत्राची भाषाच वाचता येत नाही, त्याच्या अंगठ्याला संमती म्हणता येणार नाही.

कार्यकर्त्यांनी आणि शिक्षक संघटनांनी हा विषय तज्ज्ञांच्या परिषदांवर सोडून देऊ नये. प्रत्येक माध्यमिक शाळेच्या पालकसभेत तीन प्रश्न विचारले गेले पाहिजेत. शाळेत प्रत्येक विषयाचा शिक्षक आहे काय? यंत्राच्या वापराचे नियम शिक्षक, पालक आणि विद्यार्थी यांनी मिळून ठरविले काय? मुलांची माहिती कोणाच्या हाती जाते? या प्रश्नांची उत्तरे यंत्राकडे नाहीत. ती संस्थाचालकांकडून आणि शासनाकडून संघटितपणे मिळवावी लागतील.