रागालाही नाव हवं!

ऑफिसातून येऊन चपला काढेपर्यंत ३ वर्षांचं पिल्लू भोकाड पसरतं. हट्टीपणा? छे! दिवसभर आवरून धरलेलं सगळं ते हक्काच्या माणसापुढे मोकळं करतं. राग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण तयार व्हायलाच पंचविशी उजाडते हो! म्हणून आमच्याकडे क्रम ठरलाय: आधी भावनेला नाव, मग नियम. ‘कार्टून बंद केलं म्हणून राग आलाय ना? पण मारायचं नाही.’ बस्स! लेक्चर नाही, चॉकलेटची लाच नाही. भावनेला शब्द दिला की मेंदूतली भीती-रागाची घंटा मंदावते, असं मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७च्या प्रयोगात दिसलं. तेही मोठ्या माणसांत! तेव्हा बॉसवर चिडून घरी आलात, तर तेही मोकळेपणी सांगा. पोरं ऐकून कमी, बघून जास्त शिकतात.