भोपळा फुटला!

शाळेत गणितात मी एकदा भोपळा मिळवला होता. खराखुरा भोपळा मिळवायला मात्र अठ्ठाविसावं वर्ष उजाडावं लागलं.

मी मूळची मिरजेची. तंतुवाद्यांच्या दुकानांत टांगलेले वाळके भोपळे बघतच मोठी झाले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला जीआय मानांकन मिळालं, तेव्हा डोक्यात किडा वळवळला. आपणही एक भोपळा वाळवायचा! सो, गेल्या जूनमध्ये पुण्यातल्या फ्लॅटच्या टेरेसवर रंगाच्या रिकाम्या बादलीत दुधीच्या बिया टोचल्या. बादलीला खाली भोकं, मातीत शेणखत, वर सुतळीचा मांडव. वेल तर सुसाट सुटली!

फळं? बोटभर व्हायची, पिवळी पडायची, गळायची. शेवटी आईला फोन लावला.

"अगं, दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात, सकाळी मान टाकतात. लांब दांड्याचं ते नर. पाठीशी इवलासा दुधी असतो ती मादी. नराच्या पाकळ्या काढ आणि मादीच्या मधोमध हलकेच घास. चौथ्या मजल्यावर पतंग कुठून येणार?" मग जरा थांबून म्हणाली, "पण संध्याकाळी तू घरी असतेस कधी?"

गप्पच झाले. डेडलाइन, मीटिंग, कॉफी... घरी यायला नऊ वाजायचे. आणि आईला फोन? रविवारी, तोही चालता चालता.

मग पंधरा दिवस रोज सातला घरी. हातात फूल, स्पीकरवर आई. एक दुधी टिकला, मग आणखी दोन.

दोन खाल्ले. (चिरण्याआधी टोकाचा तुकडा चाखायचा. कडू लागला तर थुंकायचा आणि अख्खा दुधी फेकायचा. कडू दुधी विषारी असतो, बरं का!) तिसरा देठ वाळेपर्यंत वेलीवरच ठेवला, मग हवेशीर कोपऱ्यात टांगला. सालीवर बुरशीचे डाग येतात. घाबरायचं नाही, पुसायचे. फोटो बघून बाबा हसले. "तानपुऱ्याचा भोपळा वेगळा, पंढरपूरकडचा. याची फार तर पळी होईल!"

वेल कधीच वाळली. सातचा फोन मात्र राहिला. परवा भोपळा हलवला, तर आत बिया खुळखुळल्या. आईला फोनवरच ऐकवलं.

"झाला तयार," ती म्हणाली. "आता जूनला त्यातल्याच लाव."